वर्नामावशीचे हिरवे ठिपके

वर्नामावशी खुर्चीतून उठते तेव्हा आधी ‘हं’ म्हणते. बसते तेव्हाही ‘हं’. पण दोन्हींत फरक आहे. उठतानाचा ‘हं’ वर चढतो आणि मधेच दम लागून थांबतो. बसतानाचा खाली खाली जात थेट बुटांपर्यंत पोचतो. मला दोन्ही हुबेहूब जमतात. घरी मी ते काढून दाखवले की ती म्हणते, “पुरे गं पोपटा. एकदा थकले तेवढं बास आहे, परत कशाला ऐकवतेस?”

ती माझ्या आईची थोरली बहीण. आई उत्तरेला थॉम्प्सनच्या इस्पितळात नर्स आहे, आणि तिथली शाळा मला मानवली नाही म्हणून सातवीपासून मी इथे विनिपेगला, मावशीकडे. शाळेची बस इथल्या इस्पितळाच्या दारात सोडते. त्याला लागूनच संशोधनाची इमारत आहे. मावशीचं काम पाचला संपतं, तोवर मी चौथ्या मजल्यावरच्या डबा खायच्या खोलीत गृहपाठ करते. म्हणजे, वही उघडी ठेवून सगळ्यांचं बोलणं ऐकते.

मावशी ठिपके मोजते. एकतीस वर्षं ती हेच करते आहे. उंदरांच्या पिल्लांच्या मेंदूतल्या पेशी काचेच्या गोल चकत्यांवर वाढवायच्या. दोन आठवड्यांत त्यांना तंतू फुटतात, ते एकमेकांना शोधून चिकटतात, आणि जिथे चिकटतात तिथे एक पेशी दुसरीला निरोप देऊ लागते. त्या जागेला सिनॅप्स म्हणतात. निरोपाचं रसायन बारक्या पिशव्यांत भरलेलं असतं. त्या पिशव्यांना हिरवा रंग चढवला की अंधाऱ्या खोलीतल्या सूक्ष्मदर्शकाखाली प्रत्येक सिनॅप्स एक हिरवा ठिपका होऊन चमकतो. आता मोजणीला संगणक असतो. पण चकतीवरची कुठली जागा मोजायची हे कुणीतरी डोळ्याने निवडावं लागतं, आणि त्या मजल्यावर ‘कुणीतरी’ म्हणजे वर्ना कोस्टियुक.

“वर्नाचा आकडा आहे ना? मग झालं ना?” असं रॉस म्हणतो. रॉस टॅलबट म्हणजे प्रयोगशाळेचा प्रमुख. त्याचं प्रत्येक वाक्य प्रश्नासारखं वर जाऊन संपतं आणि बहुतेकदा ‘आपण’ने सुरू होतं. “आपण जरा फ्रीज साफ करूया का?” म्हणजे फ्रीज मावशीने साफ करायचा. “आपण या वर्षी जरा लवकर येऊया का?” म्हणजे काय ते कळलंच असेल.

गेली तीन वर्षं तिथे ओडिल गान्यों आहे. क्वेबेकची, डॉक्टरेट झालेली, पस्तिशीची. ती दारातून आत येते तेव्हा वाक्य अर्ध्यावर आलेलं असतं. “नाही नाही नाही, ऐका, सांगते काय झालं,” आणि हात असे चालतात की मावशी आपला कॉफीचा कप टेबलाच्या पार पलीकडच्या टोकाला ठेवते. चौथा कोलबी. पीएच.डी.चा विद्यार्थी, ब्रँडन गावचा, हॉकीवेडा. जीभ उचलायला त्याला कष्ट पडतात. “होईल की,” एवढंच बोलतो, आणि बऱ्याच वेळा होतंही.

ओडिलचा प्रश्न मला मावशीनेच समजावला. आमच्या चर्चच्या तळघरात दर गुरुवारी बायका पेरोगी करतात, बटाटा भरून उकडलेल्या करंज्या, शेकड्यांनी. मी पिठाची चकती तळहातावर घेऊन बसले होते.

“दोन कडा चिमटून बंद करतेस ना,” मावशी म्हणाली, “तसं दोन पेशींना चिकटवून धरणारं प्रथिन असतं. कॅडहेरिन. हे अलीकडून, तेच पलीकडून, दोघांची मिठी.”

“आणि बटाट्याचं सारण?”

“त्या पिशव्या. पण त्या एकाच बाजूला हव्यात, निरोप देणाऱ्याच्या. आणि बरोबर जोडापाशीच. इकडेतिकडे पसरल्या तर उपयोग शून्य.” तिने टेबलाच्या टोकाला उभ्या असलेल्या स्टेफा आजींकडे हनुवटीने खूण केली. स्टेफा आजी स्वतः एकही पेरोगी चिमटत नाहीत. कुणी कुठे उभं राहायचं, सारण कुठे पडायचं, हे सांगतात. “ओरडतात बघ कशा.”

“अगं ए मधोमध घाल, मधोमध! नवऱ्याला वाढायचंय ते, कुत्र्याला नाही!” मी लगेच स्टेफा आजींच्या आवाजात म्हणाले. चार बायका हसल्या आणि स्टेफा आजींनी मागे वळून पाहिलं.

“हं,” मावशी म्हणाली. “पेशीत तसं एक प्रथिन असतं, स्क्रिबल. आत-बाहेर, पुढे-मागे हे ठरवणाऱ्यांतलं. ओडिल म्हणते, कॅडहेरिन नुसती मिठी मारत नाही, आतून स्क्रिबलला बोलावून घेतं, आणि स्क्रिबल पिशव्या गोळा करतं. मग स्क्रिबल बंद पाडलं तर काय व्हावं?”

“कडा चिमटलेल्या राहतील. पण सारण कुठेही.”

“ते किती कुठेही, एवढंच मी मोजते.”

स्क्रिबल बंद पाडलेल्या पेशी आणि साध्या पेशी. तीन संच झाले होते, प्रत्येकात बारा चकत्या. मावशीची मोजणी आंधळी असते. रॉस प्रत्येक स्लाइडवर नुसता क्रमांक चिकटवतो आणि कुठला क्रमांक कशाचा याची यादी बिस्किटांच्या निळ्या डब्यात बंद करून स्वतःच्या कपाटात ठेवतो. मोजणारीला काही कळता कामा नये. एकदा काय हवंय ते कळलं की डोळा तेच शोधतो. मोजणी पूर्ण झाली की सगळ्यांसमोर डबा उघडायचा. तिन्ही वेळा निकाल सारखाच: स्क्रिबल नसलं की जोडावरचे ठिपके चाळीस टक्क्यांनी कमी. ओडिल नाचली होती. लेख एका चांगल्या नियतकालिकाकडे गेला. ते म्हणाले, आणखी एक संच करून दाखवा, मार्चअखेरपर्यंत. एप्रिलच्या मध्याला ओडिलची शेरब्रुकच्या विद्यापीठात मुलाखत होती, कायमच्या नोकरीची. तीस एप्रिलला मावशी निवृत्त होणार होती.

“मागे कुणाला पुन्हा करायला लागेल असं काही ठेवून जायचं नाही,” ती गाडीत म्हणायची. “एवढं झालं की मी झोपणार. जूनपर्यंत.”

जानेवारीत कोलबीने बर्फावर मनगट मोडून घेतलं. “होईल की,” प्लास्टरकडे बघत तो म्हणाला, पण झालं नाही. चौथ्या संचाच्या सगळ्या बारा चकत्या ओडिलने एकटीनेच स्लाइडवर बसवल्या. मावशीने मोजल्या. डबा उघडला. फरक एकोणीस टक्के.

“नाही नाही नाही,” ओडिल म्हणाली आणि या वेळी तिचे हात टेबलावरच पडून राहिले.

“आपण एखादा संच वाईट निघाला असं धरूया का?” रॉस म्हणाला. “पेशी थकलेल्या असतील?”

त्या दिवशी बाहेर उणे एकतीस होतं. पार्किंगमध्ये मावशीने इंजिन गरम ठेवणारी वायर खांबावरून काढली, गाडीत बसली, आणि किल्ली फिरवलीच नाही.

“काय झालं?” मी विचारलं.

“या वेळी मला काही कळत नव्हतं,” ती म्हणाली. “स्लाइड ठेवली की काही वाटतच नव्हतं. नुसते ठिपके.”

“मग कळायला नकोच असतं ना?”

“तेच.” तिने डोळ्यांत औषधाचे थेंब टाकले. आजकाल दिवसातून आठदा टाकते. “म्हणजे आधी कळत होतं.”

दुसऱ्या दिवशी मी पोचले तेव्हा ती अंधाऱ्या खोलीत नव्हती. डबा खायच्या खोलीत, भक्क पांढऱ्या उजेडात, जुन्या तिन्ही संचांच्या पेट्या आणि यादीचा तो निळा डबा घेऊन बसली होती.

“ये. कागदाचे छत्तीस तुकडे काप आणि क्रमांक झाक.”

मी झाकले. तिने एकेक स्लाइड उचलून तिरपी धरली. चकती स्लाइडवर बसवली की तिची कड नेलपॉलिशने बंद करतात, आतलं पाणी सुकू नये म्हणून. औषधांच्या दुकानातली साधी, रंगहीन बाटली. सगळ्या प्रयोगशाळा तीच वापरतात. ब्रश गोल फिरवत आणला की जिथे हात थांबतो तिथे एक जाडसर थेंब राहतो. मावशी स्लाइड बघायची आणि डावीकडे ठेवायची. दुसरी उजवीकडे. तिसरी उजवीकडे. सूक्ष्मदर्शक नाही, ठिपके नाहीत, काही नाही. पाच मिनिटांत दोन गठ्ठे झाले.

“काढ कागद. यादीशी ताडून बघ.”

मी ताडून पाहिलं. छत्तीसपैकी पस्तीस बरोबर. डावीकडच्या सगळ्या स्क्रिबल नसलेल्या. उजवीकडच्या साध्या, एक सोडून.

“बाप रे मावशी! हे कसं केलंस?”

“ओडिल डावरी आहे. तिचा थेंब खाली डावीकडे राहतो. कोलबीचा उजवीकडे.” ती मान चोळत होती. “मिसळामिसळ नको म्हणून दोघांनी वाटून घेतलं होतं. स्क्रिबलवाल्या तिने बसवायच्या, साध्या त्याने. मिसळू नये म्हणून गं.” आणि तिने खाली खाली जाणारा तो ‘हं’ टाकला. ती आधीच बसलेली होती तरी. “एकतीस वर्षं स्लाइड हातात घेते. बोटांना ठाऊक झालं. मला सांगितलं नाही त्यांनी.”

मला वाटलं होतं, ती आधी रॉसला सांगेल. तिने आधी ओडिललाच सांगितलं, तिथेच, तो डबा मधे ठेवून. ओडिल सगळं ऐकेपर्यंत उभीच राहिली.

“पण तुम्ही मुद्दाम नाही ना केलं!”

“नाही.”

“मग झालं तर! आकडे तुमचेच आहेत. जागा तुम्ही निवडल्या. कदाचित तुम्ही थेंब बघितलाही नसेल!”

“छत्तीसपैकी पस्तीस, ओडिल.”

“हे आज! आज तुम्ही शोधत होतात! तेव्हा नव्हतात!” तिचे हात पुन्हा सुरू झाले होते. “वर्ना, ऐका. चौथा संच धरून सरासरी काढली तरी पस्तीसच्या आसपास येते. लेख जातो. माझी मुलाखत आहे. मी पस्तीस वर्षांची आहे, तीन शहरांत तीन भाड्याच्या खोल्या केल्या, माझी पुस्तकं अजून खोक्यांत आहेत. आणि तुम्ही तीन महिन्यांत... तुम्ही तर जाणार आहात!”

“म्हणूनच,” मावशी म्हणाली.

ओडिल दार आपटून गेली. ते दार हळू मिटणाऱ्या जातीचं आहे, म्हणून आपटता आलं नाही; तिने ते ढकललं आणि ते अगदी सावकाश, सुस्कारा टाकत तिच्या मागे बंद झालं. एरवी मी पोट धरून हसले असते.

रॉस खोलीत आला तेव्हा मावशी स्लाइड परत पेटीत लावत होती.

“आपण जरा शांतपणे विचार करूया का? कुणाला कळणार आहे? नियतकालिकाला थेंब दिसत नाहीत?”

“मला दिसले.”

“वर्ना, तू दमली आहेस?”

“एकोणीसशे त्र्याण्णवपासून,” मावशी म्हणाली. “तुला आज दिसलं होय?”

रॉसला प्रश्नाशिवाय बोलताना मी पहिल्यांदाच ऐकलं. “काय करायचं ते सांग,” तो म्हणाला.

तिने सांगितलं. तिन्ही संच पहिल्यापासून. पेशी वाढायला दोन आठवडे लागतातच, तिथे कुणाची घाई चालत नाही. सगळ्या चकत्या एकाच माणसाने बसवायच्या, आणि तो माणूस ओडिल नाही, कोलबी नाही, मावशीही नाही. शेजारच्या प्रयोगशाळेतून एक बाई उसनी आणली. जागा निवडताना हिरवा रंग बंद ठेवायचा; तंतूंना वेगळा लाल रंग असतो, नुसत्या त्यात त्यांचा आकार बघायचा, ठिपके दिसताच कामा नयेत. आणि मोजणी मावशी करणार.

“दुसरं कुणी?” रॉसने विचारलं.

“दुसरं कुणी शिकेपर्यंत मार्च संपेल. आणि मला बघायचंय.”

फेब्रुवारी आणि मार्च कसे गेले ते मला मावशीच्या पाठीवरून सांगता येईल. घरी आल्यावर ती शेक घ्यायची गव्हाची पिशवी मायक्रोवेव्हमध्ये गरम करून खांद्यावर ठेवायची आणि जेवताना ती घसरून बोर्श्टच्या, म्हणजे बिटाच्या सूपच्या, वाडग्यात पडायची. एकदा दोनदा नव्हे, चारदा. गुरुवारी पेरोगीला जाणं बंद झालं. “वर्ना कुठेय? मेली का?” असं स्टेफा आजींनी फोनवर विचारलं, आणि मी मावशीच्या आवाजात म्हणाले, “अजून वेळ नाही मिळाला.” मावशी पलंगावरून ओरडली, “हे मात्र बरोबर बोललीस!”

कोलबी एका हाताने तिला कॉफी आणून द्यायचा. पेशी विरळ निघाल्या, पहिला संच फेकावा लागला, पुन्हा सुरू केला. “होईल की,” तो म्हणाला, पण या वेळी मावशीकडे बघत. ओडिल कामाव्यतिरिक्त एक शब्द बोलत नव्हती. ती पहाटे साडेपाचला येऊन पेशींचं खाद्य बदलून जायची, म्हणजे मावशीला ते करायला लागू नये. आभार मानावेत तर ती तिथे नसायची. नियतकालिकाने मुदत दोन आठवड्यांनी वाढवून दिली.

एप्रिलच्या आठ तारखेला, दुपारी चारला, डबा खायच्या खोलीत सगळे जमले. रॉसने डबा टेबलावर ठेवला. मावशी शेवटची फाइल संगणकावर चढवून आली, कोपऱ्यातल्या खुर्चीत ‘हं’ करून बसली, आणि कोलबी यादी वाचायला लागला तोवर झोपली होती. तोंड उघडं, चष्मा कपाळावर.

“उठवूया का?” रॉस कुजबुजला.

“नाही नाही नाही,” ओडिलही कुजबुजली. तिला कुजबुजता येतं हे मला माहीतच नव्हतं. “वाच तू.”

कोलबीने वाचलं. ओडिल आकडे भरत गेली. शेवटी तिने संगणक आमच्याकडे वळवला.

बावीस.

कुणी नाचलं नाही. “आहे,” कोलबी म्हणाला. “लहान आहे, पण आहे.” ओडिलने डोळे पुसले, रागाने की कशाने ते मला सांगता येणार नाही. चाळीसच्या जोरावर तिने शेरब्रुकसाठी भाषण रचलं होतं, आता ते बावीसवर उभं करायचं होतं, सहा दिवसांत. ती उठली, खुंटीवरचा आपला कोट काढला आणि मावशीच्या पायांवर टाकला. मग संगणक काखेत मारून गेली, आणि ते हळू मिटणारं दार तिने मिटेपर्यंत हाताने धरून ठेवलं.

पाचला मी मावशीला उठवलं. बाहेर बर्फाचा चिखल झाला होता. तिने किल्ली माझ्या हातात दिली. मला शिकाऊ परवाना मिळून सहा महिने झाले होते, आणि तोवर एकदाही तिने मला संध्याकाळच्या गर्दीत चालवू दिलं नव्हतं.

“चालव. मला डोळे मिटायचेत.”

पूल येईपर्यंत तिने डोळे उघडले नाहीत. मला वाटलं, पुन्हा झोपली.

“किती?” तिने डोळे न उघडता विचारलं.

“बावीस.”

वायपर चारपाच वेळा गेले आले.

“म्हणजे अठरा माझे होते,” ती म्हणाली.

माझ्याकडे सगळ्यांचे आवाज आहेत. यावर बोलायला त्यांतला एकही कामाचा नव्हता. मी गिअर बघत राहिले, जो बघायची गरज नव्हती, गाडी स्वयंचलित आहे.

“बावीस तिचे,” थोड्या वेळाने ती म्हणाली. “ते आता कुणाला पुन्हा करायला लागणार नाहीत. लेखात मात्र ते लिहायचं. पहिले तीन संच का टाकले, थेंबाचं, सगळं. मी उद्या रॉसला सांगते.”

“तो म्हणेल, आपण तेवढं गाळूया का?”

“हं,” ती म्हणाली. मला वाटतं, ती हसली. मग तिचा श्वास लांब झाला, मान काचेकडे कलली, बरोबर आणलेला ओडिलचा कोट अजून तिच्या मांडीवरच होता. आमचं घर आलं. दाराशी थांबले असते तर ती जागी झाली असती, आणि मग पायऱ्या, मग बूट, मग बोर्श्ट. मी थांबले नाही. कोपऱ्यावरून वळले, शाळेमागून, चर्चवरून, पुन्हा आमच्या गल्लीत. घर पुन्हा आलं. मी पुन्हा पुढे गेले.

“दुसरी फेरी,” मावशी डोळे मिटूनच म्हणाली. “मोजतेय मी.”